तलावावर खोकला, सुट्टीत आराम: पोहायला शिकवणं सोडू का?

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई ३६ वर्षांच्या आहेत, कामोठ्यात राहतात आणि पोहायला शिकवतात. बरीच वर्षं ठाण्यात उघड्यावरच्या तलावात शिकवलं. दोन वर्षांपूर्वी घराजवळ म्हणून नवी मुंबईतल्या एका क्लबच्या बंदिस्त तलावावर नोकरी धरली. गेल्या पावसाळ्यापासून कोरडा खोकला लागलाय. संध्याकाळच्या शेवटच्या बॅचपर्यंत घसा बसतो आणि रात्री छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो. कफ सिरप झालं, अँटिबायोटिकही झालं. हॉलमध्ये क्लोरीनचा वास इतका, की डोळे चुरचुरतात. एक्झॉस्ट पंखे आवाज करतात आणि वीजबिल वाढवतात म्हणून बहुतेक वेळ बंद असतात. व्यवस्थापक म्हणतात, "बाकी कुणाला काही होत नाही. वास येतो म्हणजे पाणी स्वच्छ आहे." नवरा म्हणतो सोडून दे, पण घराचा हप्ता दोघांच्या पगारावर चालतो. त्यातच शनिवारच्या बॅचमधल्या एका मुलाला पोहताना धाप लागली. त्याच्या आईने विचारलं तेव्हा ताईंनी "नाकात पाणी गेलं असेल" असं सांगून वेळ मारून नेली, आणि ते त्यांच्या मनाला लागून राहिलंय. त्यांचे प्रश्न असे: क्लोरीन कमी करायला सांगू का? मी तर दिवसभर काठावरच असते, मग मला तलावाचा त्रास कसा होईल? डॉक्टरांनी पंप दिला तर घ्यावा का, सवय लागते म्हणतात? आणि शेवटी, सहन करू की सोडू?

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. सोमवारी तलाव बंद असतो आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत छाती मोकळी होते. गणपतीत गावी गेलात तेव्हा खोकला जवळजवळ गेलाच होता, आणि परत आल्यावर कामाच्या दुसऱ्या दिवशी ढास सुरू झाली. हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. तुम्ही "खोकला जात नाही" एवढंच सांगितलंत, म्हणून त्यांनी खोकल्याचं औषध दिलं. पुढच्या वेळी सुरुवातच अशी करा: "कामावर असले की वाढतो, सुट्टीत कमी होतो. काम बंदिस्त तलावावर आहे." एवढं ऐकल्यावर कुठल्याही छातीच्या डॉक्टरांचे पुढचे प्रश्न बदलतील.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणार नाही. आम्लपित्त वर येऊन खोकला होतो, स्वरयंत्र व्यायामाच्या वेळी आवळल्यामुळे धाप लागते, आणि नवी मुंबईत हिवाळ्यात बांधकामांची धूळ व रस्त्यावरचा धूर आहेच. तुमच्या छातीत नक्की काय चाललंय हे तपासूनच कळेल. पण कामाच्या जागेमुळे होणारा दमा हा खरा आजार आहे आणि तो बंदिस्त तलावांवर काम करणाऱ्यांमध्ये आढळलेला आहे. २००२ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी दोन जीवरक्षक आणि पोहायला शिकवणारी एक व्यक्ती अशा तिघांच्या दम्याचं कारण तलावाच्या हवेतली क्लोरामाइन (क्लोरीन आणि घाम-लघवी यांच्या क्रियेतून होणारी रसायनं) असल्याची नोंद केली. म्हणजे अगदी तुमच्याच कामातली माणसं. तेव्हा "माझीच छाती नाजूक" हे आधी मनातून काढा.

आता "मी तर काठावरच असते" याबद्दल. तुम्हाला वाटतं त्रास पाण्यामुळे होत असेल, आणि पाण्यात तर तुम्ही फारशा उतरत नाही. पण त्रास देणारी गोष्ट पाण्यात टिकतच नाही. क्लोरीन पाण्यात गेलं की ते जंतू मारतं, आणि त्याच वेळी घाम, लघवी, त्वचेवरची घाण यांतल्या युरियाशी आणि अमोनियाशीही त्याची क्रिया होते. त्यातून तीन प्रकारची क्लोरामाइन तयार होतात. त्यातलं ट्रायक्लोरामाइन पाण्यात फारसं विरघळत नाही, ते सुटून हवेत येतं. मुलं पाय आपटतात, उड्या मारतात, तेव्हा आणखी सुटतं. पाणी जितकं कोमट, तितकं जास्त. मोकळ्या तलावावर वारा ते घेऊन जातो. बंद हॉलमध्ये ते पाण्यालगतच्या हवेच्या थरात आणि काठावर साचत राहतं, म्हणजे पोहणारा जिथे तोंड वर काढून श्वास घेतो तिथे, आणि तुम्ही जिथे वाकून मुलांचे हात सरळ करता तिथेही. पोहायला येणारा माणूस तासाभरात घरी जातो. तुम्ही पाच-पाच बॅच तिथेच उभ्या असता, वर हॉल भरेल इतक्या मोठ्याने सूचना देत असता. म्हणजे श्वास खोल, तोंडाने, आणि तासन् तास. काठावर असल्याने तुम्ही वाचत नाही, उलट सगळ्यात जास्त वेळ ती हवा तुम्हीच घेता.

शिकाऊ मुलांचा उथळ तलाव वेगळा असेल तर तिथे जास्त लक्ष द्या. पाणी थोडं, मुलं जास्त, पाणी बहुधा थोडं कोमट, आणि सगळ्यांत जास्त थपथपाट तिथेच. लहान मुलं पाण्यात लघवी करतात हेही आपल्याला ठाऊक आहे. मोठेही करतात. कॅनडातल्या संशोधकांनी २०१७ साली तलावाच्या पाण्यात कृत्रिम गोडीचा एक पदार्थ मोजून लघवीचा अंदाज काढला होता. तो पदार्थ शरीरातून न बदलता लघवीवाटे बाहेर पडतो. सुमारे ८ लाख ३० हजार लिटरच्या एका सार्वजनिक तलावात त्यांना ७५ लिटर लघवी असल्याचं आढळलं. हे कुणाला लाज वाटावी म्हणून सांगत नाही. हवेतला त्रास कुठून येतो ते एकदा लक्षात आलं की तो कुठे अडवायचा हेही कळतं.

यावरून व्यवस्थापकांच्या "वास येतो म्हणजे पाणी स्वच्छ" या समजाचंही उत्तर मिळतं. हा समज इतका पसरलाय की पालकही आनंदाने सांगतात, आमच्या क्लबमध्ये क्लोरीन अगदी व्यवस्थित टाकतात हं, दारातच वास येतो. तो डोळे चुरचुरवणारा वास मुख्यतः क्लोरामाइनचा असतो. नीट राखलेल्या तलावाला वास जवळजवळ येतच नाही. दारातच वास आला तर समजायचं, पाण्यात घाण जास्त झाली आहे, हवा खेळत नाही, किंवा दोन्ही.

म्हणून "क्लोरीन कमी करायला सांगू का" याचं उत्तर स्पष्टपणे नाही असं आहे. तुम्ही तसं सांगितलंत आणि ऑपरेटरने खरंच हात आखडला, तर जंतू मारायला लागणारं मोकळं क्लोरीन आणखी घटेल आणि मुलांना पोटाचे, कानाचे, त्वचेचे आजार होतील. कमी करायचंय ते घाणीशी जोडलं गेलेलं क्लोरीन. हा फरक ज्याला मोजता येतो, त्याच्याच हातात तलाव ठेवायला हवा.

तुमच्या ऑपरेटरचं रोजचं काम एकदा जवळून बघा. बहुतेक ठिकाणी सकाळी पहिल्या बॅचच्या आधी तो छोट्या प्लास्टिकच्या पेटीतल्या नळीत तलावाचं पाणी भरतो, त्यात थेंब टाकतो, पाणी पिवळं होतं, तो पेटीवरच्या पिवळ्या छटांशी ताडून बघतो आणि वहीत आकडा लिहितो. पिवळं आलं म्हणजे क्लोरीन आहे, काम झालं. पण ऑर्थोटोलिडिनच्या थेंबांची ही चाचणी एकूण क्लोरीनच दाखवते. त्यातलं मोकळं किती आणि जोडलेलं किती, हे त्या पिवळ्या रंगातून नीट कळत नाही. गडद पिवळा रंग बघून तो निश्चिंत होतो, आणि त्यातला मोठा भाग कदाचित क्लोरामाइनचाच असतो. यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही, त्याच्या हातात किटच तसं दिलंय. डीपीडीच्या गोळ्यांचं किट मिळतं. त्यात १ नंबरच्या गोळीने मोकळं क्लोरीन कळतं आणि त्याच नळीत ३ नंबरची गोळी टाकली की एकूण. गुलाबी रंगाच्या त्या दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे जोडलेलं क्लोरीन. ते ०.२ पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भाग पाण्यात ०.२ भाग) आत असावं, आणि ०.४ च्या वर गेलं की पाण्यावर काम करायलाच हवं असं जगभरातले तलाव सांभाळणारे मानतात. मोकळं क्लोरीन निदान १ पीपीएम आणि पीएच (पाणी किती आम्ल आहे ते दाखवणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ७.२ ते ७.८ च्या दरम्यान हवा. पीएच फार खाली गेला तर ट्रायक्लोरामाइन जास्त तयार होतं, म्हणून आम्ल टाकताना हात जपून.

आणि मोजायची वेळ बदला. रात्रभर गाळणीचा पंप चालल्यानंतर पहाटेचं पाणी चांगलंच दिसणार. रविवारी संध्याकाळी, शेवटच्या बॅचनंतर मोजलेला आकडा खरा.

हवेतलं ट्रायक्लोरामाइन मोजायला प्रयोगशाळा लागते, ते तुमच्या हातातलं काम नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये त्यासाठी दर घनमीटर हवेत ०.५ मिलिग्रॅम अशी तात्पुरती मर्यादा सुचवली होती, फ्रान्समध्ये ०.३ पर्यंत खाली आणायला सांगतात. एवढ्याचसाठी लिहिलं, की व्यवस्थापकांनी "हवेचं कुठे काही प्रमाण असतं का" असं विचारलं तर तुमच्याकडे उत्तर असावं.

"बाकी कुणाला काही होत नाही" हे वाक्य मला मान्य नाही. कुणाला विचारलंय त्यांनी? जीवरक्षकाला विचारा, ऑपरेटरला विचारा, चेंजिंग रूम पुसणाऱ्या मावशींना विचारा. सहज बोलता बोलता, चहाच्या वेळी. डोळे चुरचुरतात का, खोकला येतो का, सुट्टीत बरं वाटतं का. एकट्या माणसाची तक्रार "तुमची तब्येत" ठरते. तिघांची झाली की तो तलावाचा प्रश्न होतो.

आता तुमच्या तब्येतीचं. नवरा म्हणतो तसं उद्याच राजीनामा देऊ नका, असं मी सांगणार आहे, पण त्यामागचं कारण वेगळं आहे. दमा कामामुळे आहे की नाही हे काम चालू असतानाच सर्वांत नीट सिद्ध होतं. आधी सोडलंत तर तुम्हाला बरं वाटेल, पण कारण कधीच नक्की होणार नाही, आणि पुढे दुसऱ्या बंदिस्त तलावावर गेलात की तेच परत. म्हणून आधी छातीच्या डॉक्टरांकडे जा, स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजायची तपासणी) करून घ्या, आणि पीक फ्लो मीटर घ्यायचा का ते विचारा. हातात मावणारी प्लास्टिकची नळी असते. उभं राहून पूर्ण श्वास भरून एकदम जोरात फुंकायचं, काटा सरकतो तो आकडा लिहायचा. प्रत्येक वेळी तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा धरायचा. दिवसातून निदान चार वेळा: उठल्यावर, कामावर जाण्याआधी, काम संपल्यावर, झोपण्याआधी. असं तीन-चार आठवडे, सोमवारच्या सुट्ट्यांसकट, आणि मधे चार दिवस रजा घेता आली तर फार चांगलं. शेजारच्या रकान्यात कुठल्या बॅच घेतल्या आणि पंखे चालू होते की बंद, एवढंच लिहा. कामाच्या दिवशी आकडे घसरतायत आणि सुट्टीत चढतायत, हे कागदावर दिसलं की डॉक्टरांना, व्यवस्थापकांना आणि तुमच्या नवऱ्यालाही वेगळं पटवून द्यावं लागणार नाही.

ही वही पूर्ण करायच्या नादात अंगावर मात्र काढू नका. रात्री धापेने जाग येऊ लागली, जिने चढताना थांबावं लागलं, तर आधी रजा, मग वही. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर १०८ ला फोन करायचा, उद्या दाखवू म्हणायचं नाही.

पंपाबद्दल इतक्या जणी विचारतात, की थोडं सविस्तर लिहिते. पंपाची सवय लागत नाही. गोळीपेक्षा फार कमी औषध थेट श्वासनळीत पोचवायची ती पद्धत आहे. पंप दोन तऱ्हेचे असतात. एक लगेच आराम देणारा, दुसरा आतली सूज कमी ठेवण्यासाठी रोज घ्यायचा. आपल्याकडे लोक पहिला ओढत राहतात, दुसरा "स्टेरॉईड आहे" म्हणून टाळतात, आणि तिथेच घोटाळा होतो. २०१९ पासून दम्यावरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात, की फक्त लगेच आराम देणाऱ्या पंपावर राहू नये. डॉक्टरांनी दिला तर घ्या, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घ्या आणि स्टेरॉईडचा असेल तर नंतर चूळ भरा. पण पंप घेऊन त्याच हवेत वर्षानुवर्षं उभं राहायचं, हा त्याचा उपयोग नव्हे. दमा खरोखर कामामुळे असेल तर त्या हवेपासून जितक्या लवकर दूर जाल तितकी पूर्ण बरं होण्याची शक्यता जास्त. लांबलं, तर पुढे जागा बदलूनही त्रास राहू शकतो. तुमचा खोकला गेल्या पावसाळ्यापासूनचा आहे. म्हणून वही भरायला लागलीत की शेवटची तारीखही लिहून टाका, त्या दिवशी डॉक्टरांसमोर बसून ठरवायचं.

मधल्या काळात उभं राहायची जागा तरी बदला. दार किंवा खिडकी उघडी असेल त्या बाजूने शिकवा, वाकून बोलण्याऐवजी शिट्टी आणि हाताच्या खुणा वापरा, दोन बॅचच्या मधली दहा मिनिटं हॉलबाहेर काढा. मास्कचा विचार मनात आला असेल तर, साधा कापडी किंवा सर्जिकल मास्क वायू अडवत नाही.

व्यवस्थापकांशी बोलायला जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, मागण्या घेऊन जा, आणि लेखी. पहिली मागणी पंख्यांची. सकाळच्या पहिल्या बॅचच्या आधीपासून रात्री शेवटच्या बॅचनंतर तासभर तरी एक्झॉस्ट चालू, आणि त्यासोबत समोरच्या बाजूने बाहेरची हवा आत यायला वाट. हवा आत आलीच नाही तर एक्झॉस्ट नुसता घरघरत राहतो. छताजवळचा पंखा नसल्यापेक्षा बरा, पण खालच्या पातळीवर, पाण्यावरून हवा सरकेल असा एक्झॉस्ट असेल तर उत्तम, कारण त्रासदायक हवा तिथेच साचलेली असते. हॉलला स्प्लिट एसी लावलेत म्हणून हवा बदलते असा काहींचा समज असतो. ते एसी तीच हवा गार करून परत सोडतात. पावसाळ्यात बाहेरची हवा दमट म्हणून सगळं बंद ठेवायचा मोह होतो, भिंती ओल्या दिसतात, काचा धुरकटतात हे खरं. तुमचा त्रास पावसाळ्यात सुरू झाला यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

दुसरी मागणी डीपीडी किटची आणि संध्याकाळच्या नोंदीची. तिसरी ताज्या पाण्याची. युरिया गाळणीत अडकत नाही, तो पातळ करावाच लागतो. जर्मनीच्या मानकात आणि ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत दर पोहणाऱ्यामागे ३० लिटरपर्यंत ताजं पाणी घालायला सांगितलंय. आपल्याकडे टँकरच्या दिवसांत हे ऐकून कुणीही हात वर करील, मला कळतं. म्हणूनच चौथी गोष्ट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक: पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाने मिनिटभर शॉवर घेणं. तेवढ्याने अंगावरची बरीचशी घाण निघून जाते. आपल्याकडे शॉवर पोहून झाल्यावर घ्यायची पद्धत आहे. फुटबॉल खेळून आलेली मुलं घामेजल्या अंगाने थेट उडी मारतात. आणि केसांना क्लोरीन लागू नये म्हणून आया खोबरेल तेल चोपडून पाठवतात. तेलाने क्लोरीन खर्ची पडतं आणि पाण्यावर तवंग येतो तो वेगळाच. केस आधी साध्या पाण्याने भिजवून टोपी घातली तर ते तलावाचं पाणी कमी शोषतात. हे तुम्ही पालकांना सांगा, कोचचं ऐकतात ते. बॅचच्या मध्यावर सगळ्या लहान मुलांना बाथरूमला पाठवायचा नियम तर तुम्ही कुणाला न विचारता उद्यापासून लावू शकता.

एक सावधगिरीची गोष्ट. साचलेली क्लोरामाइन मोडायला ऑपरेटर एकदम जास्त क्लोरीन टाकून शॉक देतात. ते योग्य आहे, पण त्या वेळी हवेत वायूही जास्त सुटतो. बंदिस्त हॉलमध्ये हे काम फक्त तलाव बंद झाल्यावर, दारं-पंखे सगळं उघडं ठेवून व्हायला हवं. सकाळी सहाच्या बॅचच्या आधी घाईने नको. आणि ब्लीचिंग पावडर, टीसीसीएच्या गोळ्या (तलावात टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्या) आणि आम्ल ही एकाच मगात किंवा बादलीत कधीही एकत्र येता कामा नयेत. आम्ल आणि ब्लीच मिळाले की क्लोरीन वायू सुटतो, टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर मिळाली की पेट घेऊ शकते. ऑपरेटरचा जीव त्या खोलीत रोज असतो, त्याच्यासाठीही बोला.

मिठाच्या पाण्याचा तलाव हा उपाय आहे का, असं इतर दोन वाचकांनीही विचारलं होतं. त्यात मिठापासून जागेवरच क्लोरीन तयार होतं. घाण तीच असेल तर क्लोरामाइनही तीच होणार. अल्ट्राव्हायोलेट दिव्याची यंत्रणा क्लोरामाइन मोडायला खरोखर मदत करते, पण ती महाग आहे, आणि ती लावून पंखे बंद ठेवले तर फार काही साधणार नाही.

आता त्या शनिवारच्या मुलाबद्दल. तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणणार नाही, तुम्ही घाबरलात. पण त्या आईला पुन्हा भेटा, आणि लवकर. तिला असं सांगता येईल: "त्या दिवशी मी घाईत उत्तर दिलं. त्याला धाप लागली होती, नाकात पाणी गेल्यासारखं मला वाटलं नाही. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. पोहणं बंद करायची गरज असेलच असं नाही." यातला शेवटचा भाग तिला धीर द्यायला नाही, खरा आहे म्हणून सांगायचा. २००३ साली बेल्जियमच्या संशोधकांनी बंदिस्त तलाव आणि मुलांचा दमा यांचा संबंध असू शकतो असं मांडलं, तेव्हा बरीच खळबळ उडाली. पुढे २०११ मध्ये ब्रिस्टल भागातल्या मुलांच्या मोठ्या पाहणीत मात्र पोहणाऱ्या मुलांना दमा जास्त होतो असं दिसलं नाही, उलट त्यांची फुप्फुसांची क्षमता चांगली आढळली. दमा आटोक्यात असलेल्या मुलांना पोहण्याने फायदा होतो असे इतर अभ्यासही आहेत. ओलसर हवेत व्यायाम करताना श्वासनळ्या कोरड्या पडत नाहीत, म्हणून धावण्यापेक्षा पोहणं अशा मुलांना सोसतं. त्यामुळे पालकांना घाबरवायचं नाही, आणि त्यांच्यापासून लपवायचंही नाही. दम्याची मुलंही पोहतात, स्पर्धा जिंकतात. फक्त हवा बरी असलेल्या तलावात, आणि औषध वेळेवर घेऊन.

त्यासाठी तुमच्या बॅचमध्ये एक पद्धत लावा. प्रवेशाच्या फॉर्मवर "बाळदमा किंवा दमा आहे का, पंप आहे का" असा साधा प्रश्न. पुष्कळ पालक शेजारीपाजारी कळेल म्हणून सांगत नाहीत, तेव्हा एकांतात विचारा. ज्यांच्याकडे पंप आहे त्यांचे पंप नाव लिहून काठावरच्या डब्यात, चेंजिंग रूममधल्या बॅगेत नाही. मुलाला धाप लागली तर लगेच बाहेर काढायचं, हॉलच्या बाहेर मोकळ्या हवेत ताठ बसवायचं, आडवं झोपवायचं नाही, पंप द्यायचा, पालकांना फोन. सुरुवातीला एकदम वेगात लॅप मारायला लावण्याऐवजी दहा मिनिटं हळूहळू अंग गरम करून घेतलं तरी पुष्कळ मुलांची धाप टळते. आणि "स्टॅमिना नाही" हा शब्द खोकणाऱ्या मुलाला उद्देशून कुणीही वापरू नये, सीनिअर कोचनेही.

हे सगळं करूनही क्लबने ऐकलं नाही तर? महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार करता येते, आणि सभासद पालकांनी केली तर तिला जास्त वजन असतं. पण ही लढाई तुमच्या श्वासाच्या जिवावर लढू नका. तुमच्या वहीतले आकडे आणि डॉक्टरांचं मत दोन्ही एकाच दिशेने गेले, तर बंदिस्त हॉलमधलं काम थांबवायचं. फक्त बॅच कमी करून भागेल का हे डॉक्टरांना विचारा, कारण एकदा दमा जडला की थोड्या हवेनेही त्रास होऊ शकतो. शिकवणं मात्र सोडावं लागेलच असं नाही. ठाण्यात, नवी मुंबईत उघड्यावरचे तलाव आहेत, मोठ्या सोसायट्यांच्या गच्चीवर आणि पोडियमवर आहेत, आणि तिथे चांगल्या महिला प्रशिक्षकांची चणचण असते. पगार तुटू नये म्हणून आताच, नोकरी चालू असताना, तीन-चार ठिकाणी चौकशी करून ठेवा. सोसायट्यांच्या उन्हाळी बॅचची आखणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, त्याआधी अर्ज गेला पाहिजे. क्लबमध्ये ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर तुमच्या तपासण्या आणि आजारपणाची रजा त्यातून मिळते का हे पगारपत्रक घेऊन विचारून या, आणि डॉक्टरांच्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा.